जळकोटची नदी

"वैनी, बोर्डाला तेल लावायलात का त्याचं लगीन? गिऱ्हाईक उभं हाय माझं."

शेषेराव गिरणीवाल्यांनी खालून शिडी धरली होती. भुवयांवर पीठ बसलेलं असल्यामुळं ते रागावलेत की नुसतेच पांढरे झालेत, हे वरून कळत नव्हतं.

"शिडी हलवू नका, भाऊ. एक वेलांटी राहिलीय."

पारूबाईनं जवसाच्या तेलात बुडवलेली चिंधी 'गिरणी'तल्या शेवटच्या वेलांटीवरून फिरवली, मान मागं घेऊन बघितलं, आणि तीच वेलांटी पुन्हा पुसली. तेल लागल्यावर तांबडी अक्षरं काल लिहिल्यासारखी दिसायला लागली. ती लिहून बारा वर्षं झाली होती, आणि लिहिणारा जाऊन पाच.

पारूबाई सोनकांबळे कंधारच्या मुलींच्या शाळेत शिपाई होती. घंटा वाजवणं, पाणी भरणं आणि मोठ्या बाई रागावल्या की खिडकीतून बाहेर बघत उभं राहणं ही तिची कामं. उन्हाळा लागून सकाळची शाळा सुरू झाली की दुपारी ती वाटी आणि चिंधी घेऊन निघायची. नरसिंग पेंटर गावभर होता. औषधाच्या दुकानावर होता, खताच्या दुकानावर होता, एस.टी. स्टँडवर 'येथे थुंकू नये'मध्ये होता. तिथं तेलाच्या आधी तिला भिंत धुवावी लागायची, कारण लोक वाचून थुंकत.

"जित्या नवऱ्याला तरी येवढं तेल लावलं व्हतं का गं?" गल्लीतल्या बायका विचारायच्या. लावलं नव्हतं, हे खरं. जिता नरसिंग हाताला लागायचाच नाही. सदा कुठल्या तरी शिडीवर.

"वैनी, एक सांगायचंय," शेषेराव म्हणाले. "पर उतरल्यावर. वर असताना नको."

ती उतरली.

"पल्याड उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा झाला न्हाई का नवा? तवापासून तिकडं जिथं जिथं उस्मानाबाद लिवलंय तिथं तिथं चुना मारून राहिले. शाळा, चावडी, समदं."

"मारू द्या की. आपुन नांदेडात."

"जळकोटचं ते गोदाम बी हाय म्हणं यादीत."

पारूबाईच्या हातातली वाटी कलंडली. तेल शेषेरावांच्या पायावर सांडलं, आणि त्यांनी पाय मागं घेतला नाही. यावरून बातमीचं वजन कळावं.

जळकोटचं गोदाम म्हणजे नरसिंगचं सगळ्यात मोठं काम. बहात्तरच्या दुष्काळात तिथं सुकडीची पोती ठेवलेली असत आणि खडी फोडणारी माणसं दुपारी त्याच्या सावलीला बसत. भिंतीवर 'पाणी जपून वापरा' असं लिहावं, खाली 'जिल्हा परिषद, उस्मानाबाद' लिहावं, असा वरून हुकूम आला. जपून वापरायचं ते पाणी कुठं आहे, एवढं मात्र हुकमात नव्हतं. शब्द मोजके आणि भिंत तीस फुटी. म्हणून उरलेल्या भिंतीवर नदी आली. दोन्ही काठ भरून वाहणारी निळी नदी, तीन बगळे आणि एक रिकामी होडी. खरी नदी तेव्हा नुसती वाळू होती. माणसं भिंतीकडं तोंड करून सुकडी खायची. एके दिवशी एक म्हैस आली आणि नदी चाटून गेली. जनावरांच्या डॉक्टरचं म्हणणं पडलं, की म्हशीला काहीही चाटायची खोड असते. पारूबाईनं त्या डॉक्टरला कधीच माफ केलं नाही.

"म्या एकट्यानं केलं, पारू," नरसिंगनं तेव्हा घरी येऊन सांगितलं होतं. "एकट्यानं."

ती त्याच दुपारी व्यंकटरावांना पत्र लिहायला बसली. व्यंकटराव जळकोटचे मोठे शेतकरी. गोदाम त्यांचं, आणि नव्या जिल्ह्यात त्यांचा शब्दही चालायचा.

पारूबाईचं लिहिणं ही वेगळीच गोष्ट होती. ती शाळेत शिपाई होती, पण शाळेत शिकली नव्हती. नरसिंग पाटीवर अक्षरांच्या कडा काढायचा आणि ती आत रंग भरायची. असं वीस वर्षं भरता भरता तिला वाचता यायला लागलं. त्यामुळं तिला अक्षर एका दमात लिहिता येत नसे. आधी कड, मग भरण, मग उजव्या अंगाला सावली. एका पोस्टकार्डाला तीन दिवस लागत आणि त्यावर चौदा-पंधरा शब्द बसत. भाषाही तिला पाट्यांचीच येत होती. कागदावर जे लिहितात ते असंच लिहितात, अशी तिची समजूत होती. तिनं लिहिलं:

'सूचना. गोदामाची नदी आमच्या पेंटरची आहे. हात लावू नये. हुकुमावरून. आमची कोठेही शाखा नाही.'

पेटीत न टाकता तिनं ते पोस्टमन निवृत्तीच्या हातात दिलं. निवृत्तीनं ते उन्हात धरून बघितलं.

"पारूबाई, ह्याच्यावर शिक्का मारायचा म्हणजे आमच्या बाबूच्या जिवावर येतंय बगा."

"कोपऱ्यात मार म्हणावं. सावलीवर नको."

आठव्या दिवशी व्यंकटरावांचं उत्तर आलं. 'बाई, भिंत माझी आहे. चित्र कोणाचे हे मला मालूम नाही, कारण त्यावर सही नाही आणि त्या साली मी शिकायला हैदराबादेस होतो. गावात विचारले तर निम्मे म्हणतात पेंटर काळा उंच होता, निम्मे म्हणतात गोरा बुटका होता. शिवाय गेल्या हप्त्यात उदगीरच्या कमलम्मा हलबर्गे यांचेही असेच पत्र आले आहे. त्या म्हणतात, नदी त्यांच्या मालकाची. तेव्हा दोघींनी आपसात ठरवून, सह्या करून, एक कागद आणावा. तो मी वर पाठवतो आणि चित्र राखतो. उस्मानाबाद तेवढे पुसू. मेअखेर वाट बघेन. मग चुना.'

पारूबाईनं पत्र तीनदा वाचलं. मडिवाळप्पा हलबर्गे हे नाव तिनं ऐकलं होतं. उदगीरचा पेंटर, तंबूतल्या सिनेमाचे पडदे रंगवायचा. तोही मेला होता. मेलेला माणूस नदी चोरतो म्हणजे काय!

तीन दिवस खपून तिनं उदगीरला कार्ड धाडलं. 'जाहीर समज. जळकोटची नदी आमची. नकलेपासून सावध राहावे. आमची कोठेही शाखा नाही.'

उत्तर आलं ते निळ्या आंतरदेशीय पत्रावर. अक्षर मुंगीचं, आणि मजकूर कडेपर्यंत, घडीपर्यंत, डिंकाच्या पट्टीवरसुद्धा. पत्र फोडताना चार ओळी फाटल्याच.

'शरणू शरणार्थ. तुमचं कार्ड पोचलं. अक्षर लई देखणं, मजकूर लई वाईट. पोस्टमननं आधी गल्लीला दाखवून मग मला दिलं. तवा तुम्ही मला सावध केल्याचं सगळ्या उदगिराला ठाऊक आहे. नदी आमच्या मालकांची. डावीकडला बगळा बघा. एका पायावर उभा आहे आणि मान अशी मोडून बघतोय, जसं त्याला कुणी तरी फसवलंय. असा बगळा या मुलखात दुसऱ्या कुणाला येत नव्हता. म्हैस चाटून गेली तवा आमचे मालक तिथं एकटे होते. आणखी एक. तिथं कुणी तरी हलकट दर उन्हाळ्यात येऊन नदीला तेल फासून जातंय. धूळ बसून बगळे काळे होतात. मी दर दिवाळीला जाऊन रिठ्याच्या पाण्यानं घासते, तवा कुठं पांढरे होतात. त्या हलकटाचा तपास लागला तर कळवावे.'

पारूबाईचा चेहरा आधी तांबडा झाला आणि मग तिला हसू आलं. चार वर्षं ती दर उन्हाळ्यात जळकोटला जाऊन वाटीभर तेल जिरवून येत होती, आणि पुढच्या उन्हाळ्यात भिंत बघावी तर हाडासारखी कोरडी. 'हे जळकोटचं पाणीच तसं,' अशी तिनं मनाची समजूत घातली होती. एक बाई तेल लावत होती, दुसरी न्हाऊ घालत होती, आणि त्या भिंतीचं दर वर्षी कुणा लाडक्या लेकासारखं साग्रसंगीत नहाण होत होतं. तिच्यासारखी भिंत चार तालुक्यांत नव्हती, ती यामुळं.

तिनं कार्ड काढलं. 'हलकट आम्हीच. तेल आमचे. घासण्यास मनाई आहे. बगळे पाहिले नाहीत. आमचे लक्ष अक्षरांवर. आमची कोठेही शाखा नाही.'

कमलम्माचं उत्तर उलट टपाली आलं. 'तुमचं वाचून मी भिंत डोळ्यांपुढं आणून बघितली. अक्षरं आहेत खरी. इतकी वर्षं घासली, पण ती सरकारी असतील म्हणून कधी वाचली नाहीत. काय लिहिलंय त्यात?'

पारूबाईनं पत्र खाली ठेवलं. तिनंही डोळे मिटून भिंत आठवून बघितली. 'पाणी'तला 'ण' डोळ्यांपुढं आला, त्याचा उभा दांडा आला. पण बगळे तीन होते की चार, हे तिला सांगता येईना.

त्यानंतरच्या पत्रांत भांडण होतं, पण त्याची चव बदलली. कमलम्मानं कळवलं, की मालक ब्रशचं टोक जिभेवर ओढायचे, त्यामुळं त्यांची जीभ कधी हिरवी, कधी निळी. सासूबाई एकदा वैद्याकडं घेऊन गेल्या होत्या. पारूबाईनं कळवलं, 'आमचेही चाटत. फक्त तांबडा.' कमलम्मानं विचारलं, घोरत होते का? पारूबाईनं लिहिलं, 'चोवीस तास सेवा.'

असंच एक पत्र मे महिन्याच्या सुरुवातीला आलं. 'पारूबाई, तुम्ही प्रत्येक कार्डाच्या शेवटी शाखा नाही, शाखा नाही असं लिहिता. वाचून जीव कसा तरी होतो. लेकरू नाही का तुम्हाला? मला तीन आहेत. एक सोलापुरात, एक बीदरला, एक कुठं आहे ते त्यालाच ठाऊक. म्हणजे हिशेबाला मलाही नाहीच. यापुढं तसं लिहू नका. मी आहे की उदगीरला.'

पारूबाईला ते वाक्य दुकानाच्या पाटीखाली असतं म्हणून पत्राखाली असतं, एवढंच ठाऊक होतं. त्याचा असाही काही अर्थ होत असेल, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. तिनं पत्र घडी करून नरसिंगच्या ब्रशांच्या डब्यात ठेवलं. पुढच्या कार्डावर तिनं मायना बदलला, 'कमलम्मा अक्का', आणि खाली नुसतं लिहिलं, 'पारू'.

भिंत कुणाची हे मात्र ठरत नव्हतं, आणि मे निम्मा सरला होता. ते ठरवलं पापडांनी.

मोठं चित्र काढायचं तर पेंटर ते आधी कागदावर काढतात, रेघांवर सुईनं भोकं पाडतात, कागद भिंतीवर धरून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटतात. भिंतीवर ठिपके उमटतात आणि ठिपक्यांवरून चित्र. असे कागद मडिवाळप्पाच्या मागं पेटीभर राहिले होते. कमलम्मानं ते कडुनिंबाचा पाला घालून जपले होते. एकच कागद बाहेर होता, सगळ्यात लांब. त्याला भोकं होती, त्यातून वारा खेळायचा, आणि त्यावर पापड छान वाळायचे. सहा उन्हाळे ती त्या कागदावर उडदाचे पापड वाळवत होती. या उन्हाळ्यात वाऱ्यानं कागद उलटा झाला, पापड अंगणात गेले, आणि कागदाच्या पाठीवर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं. दोन हातांचं.

'पारू,' तिनं लिहिलं, 'जसंच्या तसं उतरवते. मोठं देखणं अक्षर तुमच्या मालकांचं असणार. मुंगीचं आमच्या मालकांचं. दोघं वेगवेगळ्या वेळी कामाला येत असणार, म्हणून बोलणं कागदावर. मी त्यांच्याकडूनच शिकले.

तुमचे: बगळा अक्षरावर पाय देऊन राहिला. काढ त्याला.
आमचे: बगळा हितंच उभा राहील. अक्षर सरकव.
तुमचे: अक्षर सरकत नसतं.
आमचे: बगळा बी.
मग एक तेलाचा डाग. त्याच्या खाली आमचे: चटणी आज लई तिखट होती. उद्या बी आण.
तुमचे: उद्या तू आण की घरून.
आमचे: घरी कळलं मी तुझ्या डब्यात जेवतो, तर आई दारात उभी करणार न्हाई.
तुमचे: मग सांगू नको. मी बी न्हाई सांगत कुणाला. एकट्यानं केलं म्हणू.

पारू, त्या दुष्काळात हे रोज घरी येऊन भूक नाही म्हणायचे. मी नवस बोलले होते. आता सासूबाई नाहीत, म्हणून विचारते. ती चटणी जवसाची होती का?'

पारूबाई उंबऱ्यावर बसली होती. त्या साली नरसिंग दुप्पट चटणी बांधून न्यायचा. "दुष्काळात येवढी चटणी खातंय कोण? म्हैस का?" म्हणून तिनं डबा आपटला होता. तो नुसता हसला होता. तिला वाटलं होतं, मिशा चांगल्या दिसतात म्हणून हसतोय.

पत्राच्या शेवटी, डिंकाच्या पट्टीवर, आणखी तीन ओळी होत्या. त्या तिनं पाण्याचं बोट लावून लावून सोडवल्या.

'तुमचे: सही कुणाची?
आमचे: होडीवर दोघांची करू.
तुमचे: होडी ल्हान हाय. दोघं मावत न्हाईत. राहू दे रिकामी.'

आता कागद करायला काहीच अडचण नव्हती. नदी दोघांची. कमलम्मानं लिहिलं, 'मी एका ओळीत लिहून धाडते, तू सही कर.' पारूबाईनं उलट लिहिलं, 'अर्ज आमच्याकडे तयार मिळेल.' एवढ्या मोठ्या कामाचा कागद मुंगीच्या अक्षरात जाणं तिला बरं वाटेना. तिनं ड्रॉइंगचा मोठा कागद आणला. शाळेला सुट्टी लागली होती. कड, भरण, सावली. शिवाय या कागदाला दोन रंगांची सावली. उदगीरहून कार्डं यायला लागली. 'पारू, तारीख बघ.' 'पारू, सावली नको देऊ.' शेवटच्या कार्डावर नुसतं 'अय्यो' होतं.

अर्ज तीस मेला पुरा झाला. 'उदगीर'वरची सावली एकतीसला वाळली. दोन जूनला, बाजारच्या दिवशी, पारूबाई कागदाची गुंडाळी, ब्रशांचा डबा, निळ्या रंगाची डबी आणि तेलाची बाटली घेऊन जळकोटला उतरली. पत्रात ठरल्याप्रमाणं कमलम्मा गोदामापाशी थांबणार होती. ओळखायला कठीण गेलं नाही. इतक्या बाजारात बादली घेऊन भिंतीकडं बघत उभी असलेली एकच बाई होती. गोरी, ठेंगणी, गळ्यात लिंग, कमरेला रिठ्यांची पिशवी.

"जयभीम, अक्का."

कमलम्मानं मान वळवली नाही. "शरणार्थ, पारू," ती म्हणाली. "बघ."

भिंत पांढरी होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी. नदी नव्हती, बगळे नव्हते, 'ण' नव्हता.

व्यंकटराव धोतर सावरत आले. माणूस वाईट नव्हता. त्यांचा चेहरा पडला होता.

"बाई, म्या एकतीसपर्यंत डोळ्यांत तेल घालून वाट बघितली. एक तारखेला चुना भिजवला. आता भिजवलेला चुना थांबतो व्हय कुणासाठी?"

"येकच दिस, मालक," पारूबाई म्हणाली.

"तुमचा कागद तरी दावा."

तिनं गुंडाळी उलगडली. व्यंकटरावांनी कागद हातभर लांब धरला. बाजारातली दहा-पाच माणसं जवळ आली. कुणी तरी "आयला" म्हणालं. व्यंकटरावांनी मजकूर वाचला की नाही कुणास ठाऊक. पुढं त्यांनी तो चौकटीत बसवून बैठकीत लावला.

"ह्या सावलीपायी उशीर झाला व्हय?" त्यांनी हळूच विचारलं.

पारूबाई भिंतीला टेकून खाली बसली. तिला पहिल्यांदाच वाटलं, की आपल्याला नुसतं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. साध्या निळ्या शाईत, घाईघाईनं, कसंही.

"पारू," कमलम्मा म्हणाली, "तुझी पाठ बघ."

पारूबाईच्या लुगड्याच्या पाठीवर चुन्याची मोठी खपली लागली होती. आणि भिंतीवर, जिथं ती टेकली होती, तिथं वीतभर निळं दिसत होतं.

कमलम्मानं नख लावलं. चुना पापडासारखा सुटून आला. मागून बगळ्याचा एक पाय निघाला.

"चुन्यावाला बोलत व्हता," व्यंकटराव म्हणाले. "म्हणला, भिंत धरंना चुना. तीन हात मारले. कशानं धरंना?"

पारूबाई उभी राहिली. पदर खोचला. "कशानं धरंल? चार वर्षं तेल पाजलंय मी तिला."

"आणि मी घासलंय," कमलम्मा म्हणाली. "मला सवय आहे. पाणी आणा."

मग जे झालं ते जळकोटात बरीच वर्षं सांगत होते. रिठ्याचा फेस झाला. बायकांनी पदर खोचले, हमालांनी पोती फाडून चिंध्या केल्या, आणि आडावरून बादल्या यायला लागल्या. आधी बगळे आले, मग पाणी आलं, मग होडी. अकरा बादल्या पाणी ओतल्यावर 'पाणी जपून वापरा' स्वच्छ दिसायला लागलं. कुणी तरी हौसेनं म्हैस आणून उभी केली. तिनं नदीकडं बघितलं आणि बादलीत तोंड घातलं. यंदा दुष्काळ नव्हता.

"उस्मानाबाद तेवढं झाकलेलं राहू द्या, बाई," व्यंकटराव म्हणाले. "माझ्या बी वर माणसं हायत."

ते एक पांढरं चौकोनी ठिगळ राहिलं. पारूबाईनं ते ओल्या चिंधीनं पुसून चापून घेतलं आणि डब्यातून ब्रश काढला. नरसिंगनं 'लातूर' कधी एवढं मोठं लिहिलं नव्हतं. बघून काढायला कड नव्हती. पाचची कंधारची गाडी होती, आणि पावणेपाच झाले होते.

"सावली न्हाई जमायची," ती स्वतःशीच म्हणाली, आणि कड न काढता, एका दमात, 'लातूर' लिहिलं. 'तू' थोडा उजवीकडं झुकला. तिनं मान मागं घेऊन बघितलं आणि तसाच राहू दिला.

"हे तुझ्या मालकांसारखं नाही वाटत," कमलम्मा म्हणाली.

"न्हाईच. माझं हाय."

मग दोघी होडीपाशी गेल्या. पारूबाईनं ब्रश पुढं केला. "घे अक्का. तुझ्या मालकाचं नाव घाल आधी."

"मी कसं घालू? चाळीस वर्षांत तोंडातून काढलं नाही. तू घाल तुझ्या मालकांचं."

"आमच्यात असल्या रीती कवाच सोडल्या," पारूबाई ठसक्यात म्हणाली, आणि ब्रश होडीला लावला. ब्रश तिथंच राहिला. निळ्या रंगाचा एक ओघळ खाली आला. वीस वर्षं तिनं त्याच्या नावाखेरीज गावातल्या सगळ्यांच्या नावांत रंग भरला होता.

"दे इकडं," कमलम्मा म्हणाली. तिनं ब्रश घेतला आणि मुंगीच्या अक्षरात, होडीच्या एका कडेला, लिहिलं, 'नरसिंग'.

पारूबाईनं पदरानं डोळ्यांतला चुना पुसला. मग ब्रश घेऊन तिनं 'मडिवाळप्पा' लिहायला घेतलं. तिचं अक्षर मोठं. होडी खरंच लहान होती. 'मडिवाळ' कसंबसं बसलं, आणि 'प्पा' काठाबाहेर, पाण्यात गेला. स्टँडवरून गाडीचा हॉर्न वाजला. दोघींपैकी कुणीच हललं नाही.

"पारू, बुडतील की गं ते."

पारूबाईनं बाटलीचं बूच काढलं, चिंधी भिजवली आणि दोन्ही नावांवरून हलक्या हातानं फिरवली.

"न्हाई बुडत, अक्का," ती म्हणाली. "तेल लावलंय."